बारावीनंतरचा ढोल

माझ्या अंगावर शाळेचा युनिफॉर्म होता आणि खांद्यावर ढोल. दोन्ही एकदम कोणाच्या अंगावर नसतं. माझ्या होतं.

डिचोलीच्या आमच्या हायर सेकंडरीत त्या दिवशी 'बारावीनंतर काय?' असा कार्यक्रम होता. पणजीहून मार्गदर्शन करणाऱ्या बाई येणार होत्या. आदल्या दिवशी सरांनी वर्गात कामं वाटली. कोणाला फुलं, कोणाला माइक, कोणाला पाण्याच्या बाटल्या. माझं नाव शेवटी आलं.

"तू ढोल घेऊन ये. पाहुण्यांचं स्वागत आपल्या परंपरेने झालं पाहिजे."

मी म्हटलं, "सर, मला कार्यक्रम ऐकायचा आहे."

"ऐक की. कोण नको म्हणतंय?"

म्हणून मी गेटवर उभा. वर्गातली मुलं दोन्ही बाजूंना रांगेत. गाडी आली. बाई उतरल्या, पाठोपाठ भाई उतरले. मी वाजवायला लागलो. बाईंनी मोबाइल काढून माझा व्हिडिओ घेतला. "किती एनर्जी आहे याच्यात!" असं त्या भाईंना म्हणाल्या. भाई हसले. स्वतःच्या बागेतल्या झाडाचं कुणी कौतुक केल्यावर हसतात तसे.

भाई म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. आमच्या गावच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांचे ट्रक होते. आता पेडण्याच्या बाजूला हॉटेल आहे. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. भाई म्हटलं की भाई.

सगळे हॉलमध्ये गेले. मी ढोल बाहेर भिंतीला टेकवला आणि आत शिरलो. प्रथमेशने माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. बसणार इतक्यात सर मागून आले.

"ढोल बाहेर नको ठेवूस, पोरं बडवत बसतील. शिवाय जाताना परत वाजवायचा आहे. तू असं कर, दाराशी उभा राहा."

मी ढोल परत खांद्यावर घेतला आणि मागच्या दाराशी उभा राहिलो. सगळा कार्यक्रम मी तसाच ऐकला.

बाई चांगलं बोलत होत्या, खोटं कशाला सांगू? पडद्यावर एक झाड होतं. बुंध्यावर लिहिलेलं 'बारावी', आणि तिथून फांद्याच फांद्या. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, कायदा, हॉटेल मॅनेजमेंट, मर्चंट नेव्ही. बाई म्हणत होत्या, "तुमच्यासमोर सगळं आकाश मोकळं आहे. फक्त निवडायचं आहे." मी त्या फांद्यांत माझी फांदी शोधत होतो. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सापडली. 'मेडिकल इमेजिंग'. म्हणजे एक्स-रे, स्कॅन काढणाऱ्यांचा कोर्स.

प्रश्न विचारा म्हणाल्या. पुढच्या दोघातिघांनी विचारले. मग मी हात वर केला. ढोलामुळे एकच हात मोकळा होता. माइक माझ्यापर्यंत कोणी आणला नाही, म्हणून मोठ्याने विचारलं, "मॅडम, मेडिकल इमेजिंगला किती टक्के लागतात? आणि वर्ग सकाळचे असतात की दुपारचे?"

बाई उत्तर द्यायला पुढे झाल्या. भाईंनी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"तुका कशाक रे ती चिंता? तुझा करिअर तुझ्या खांद्यार लटकता मरे!"

हॉल हसला. आधी पुढची रांग, मग सर लोक, मग सगळे. मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. प्रथमेश हसला. ज्याने माझ्यासाठी खुर्ची धरली होती, तो. बाई पण हसल्या, मग बरं दिसत नाही असं वाटून म्हणाल्या, "संगीतातही खूप स्कोप आहे हं." आणि पुढचा प्रश्न घेतला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं ते राहिलंच.

आणि मी? मी पण हसलो. सगळे हसत होते, भाई माझ्याकडे बघत होते, आणि माझं तोंड आपसूक हसलं. ते हसू मला आजपर्यंत चघळता आलं नाही, गिळता आलं नाही. पुढे जन्मभर किती अपमान होतील ते होवोत. पण स्वतःच्या अपमानाला स्वतः दिलेली ती दाद.

कार्यक्रम संपला. पाहुणे निघाले. मी वाजवलं. चांगलं वाजवलं. वाईट वाजवायचं मला येत नाही.

*

आमच्या जातीचं नाव गावात कोणी तोंडाने घेत नाही. गरज पडत नाही. 'वाजपी' म्हटलं की पुरतं. रेशनच्या दुकानात वाजप्याचो झील, शाळेत वाजप्याचो झील. झील म्हणजे मुलगा. आपलं नाव लोकांना सांगायला मला बारावीपर्यंत फारशी संधीच मिळाली नाही.

देवळाच्या मागच्या उतारावर आमचं घर. जागा देवस्थानाची. घर आजोबांनी बांधलं. चिरे त्यांनी स्वतः वाहून आणले असं बाबा सांगतात. पण जागा देवस्थानाची, म्हणून आमच्या घराने रोज सकाळी आणि सांजेला देवळात वाजवायचं. पालखीला वाजवायचं. जत्रेला, शिगम्याला, महाजनांच्या घरच्या कार्याला. महाजन म्हणजे देवळावर ज्यांचा हक्क ती घरं. आमचा हक्क नाही. आमचं काम आहे.

वाजवायचं ते चौकात, सभामंडपाच्या बाहेर. पायरी चढायची नाही. असं कुठे लिहिलेलं नाही. कोणी अडवतही नाही, कारण कोणी चढतच नाही. आजोबांच्या वेळी प्रसाद वरून ओंजळीत सोडत. आता कागदी ताटलीत घालून पायरीवर सरकवतात. याला गावात सुधारणा म्हणतात.

मी नववीत असताना बाबांचा उजवा खांदा गेला. हात वर उचलेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला पाठवलं. मी सोबत गेलो. तिथे एक बाई होती, साधारण माझ्या मावशीच्या वयाची. तिने बाबांना टेबलावर झोपवलं, हात कसा ठेवायचा ते दाखवलं आणि काचेमागे जाऊन म्हणाली, "श्वास घ्या. धरा. सोडा."

बाबांनी घेतला, धरला, सोडला.

आमच्यानंतर साखळीचा एक मोठा दुकानदार होता. अंगठ्या घातलेला, बायको बॅग धरून उभी. त्यालाही ती बाई तेच म्हणाली. त्याच आवाजात. अंगठ्या काढा. सरळ झोपा. श्वास घ्या. धरा. त्यानेही धरला. ती सोडा म्हणेपर्यंत सोडला नाही.

मी बाकड्यावर बसून हे बघत होतो. मला वाटलं, हे काम मला पाहिजे. लोकांची सेवा वगैरे असलं काही माझ्या मनात आलं नव्हतं. टेबलावर कोणीही येवो, वाजपी येवो की महाजन येवो, त्याने या माणसाचं ऐकायचं, आणि हा माणूस कोणाच्या पायरीखाली उभा नाही. एवढंच मला दिसलं. पुढे मी मोबाइलवर त्या कोर्सची सगळी माहिती काढली. मशीन कसं चालतं त्याचे व्हिडिओ पाहिले. आवड नंतर लागली. आधी लागली ती भूक.

डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही. बाबांनी घरी येऊन ढोल खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी सांजेला तो माझ्या खांद्यावर होता. मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला विचारलं नाही.

बारावीत सगळे काय काय बोलत. प्रथमेश इंजिनिअरिंगला जाणार. सानिका फार्मसीला. कोणी म्हणायचं पुण्याला जाऊ, कोणी बेळगावला. कोणी टक्के बघायचं, कोणी पगार. मी बस बघायचो. कुठल्या कॉलेजातून सुटून कुठली बस धरली तर मी सांजेच्या आरतीआधी चौकात पोचेन? साखळीहून पोचेन. पणजीहून नाही. पणजीच्या पलीकडून तर नाहीच. माझ्यासाठी बारावीनंतरचं जग तेवढंच होतं, सांजेच्या बसने परत येता येईल तेवढं. बाईंच्या त्या झाडाच्या सगळ्या फांद्या मी तशाच छाटल्या होत्या. म्हणून तर विचारलं होतं, वर्ग सकाळचे की दुपारचे.

लोकांना तो प्रश्न गमतीचा वाटला.

*

परीक्षा संपली त्याच आठवड्यात भाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा परत आले ते खुशीत.

"भाई म्हणता, पोर सुट्टीत घरा बसान काय करतलो? चोपड्याक हॉटेलात धाडतंय. थंय वाजपी जाय."

चोपडं पेडण्यात, नदीच्या काठावर. भाईंचं हॉटेल तिथे, आणि त्यांना तिथे वाजपी पाहिजे होता. मी बाबांना विचारलं, "आणि देवळात कोण वाजवणार?"

"भाई बघतले म्हणाले."

मी चकित झालो. ताप असला तरी मला सुट्टी नव्हती. दहावीच्या परीक्षेच्या सकाळीसुद्धा मी वाजवून मग पेपरला गेलो होतो. आता भाई बघतले.

हॉटेलच्या जीपमधून गेलो. मागच्या बाजूला कामगारांची खोली, तिथे राहायचं. मॅनेजरने मला पांढरं धोतर, लाल फेटा आणि जरीचं जाकीट दिलं. माझी चप्पल बघून म्हणाला, "ही नको. अनवाणी. ओरिजिनल वाटलं पाहिजे."

देवळात मी अनवाणी उभा राहतो ते देवीसमोर. इथे पाहुण्यांच्या गाडीसमोर. एप्रिलच्या दुपारी ती फरशी तापलेली असायची. गाडी आली की वाजवायचं आणि हसायचं. मॅनेजर बाजूला उभा राहून स्वतःच्या ओठांवर बोट फिरवून दाखवायचा, हस. लोक माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. विचारायचे, "भैया, ये कौनसा ट्राइब है?" एका लहान मुलीने मला हात लावून बघितला, मी खरा आहे का ते. तिच्या आईने तिचा हात ओल्या कागदाने पुसला. मुद्दाम नसेल. सवयीने पुसला असेल. मी मोजून हसत राहिलो.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मागच्या धक्क्यावर बसायचो. समोर नदी, पलीकडे शिवोली. पलीकडून येणाऱ्या पुलावर गाड्या चालू. पर्यटक त्या काठावरून या काठावर येत-जात असायचे. मी तिथे बसून विचार करायचो की हे असंच चालू राहणार. देवळातून हॉटेलात, हॉटेलातून देवळात. माझ्या खांद्याला बाबांच्या खांद्यासारखी गाठ येणार. मग माझं लग्न, माझा मुलगा. तो वाजवायला लागला की मी सुटणार. आमच्या घरात सुटका अशीच होते.

निकाल लागला तेव्हा मी तिथेच, फेटा बांधून. मोबाइलवर बघितलं. चांगले गुण होते. कोणाला तरी सांगावं म्हणून आजूबाजूला बघितलं. मॅनेजर ओरडला, "गेस्ट आले! ढोल!"

मी निकाल खिशात घातला आणि वाजवलं.

त्या रविवारी घरी जायला सुट्टी दिली. संध्याकाळी गावात उतरलो तेव्हा देवळातून आरतीचा आवाज येत होता. ढोल, ताशा, घंटा, सगळं. मी रस्त्यात उभा राहिलो. कोण वाजवतंय? लय एकदम पक्की. हाताची नव्हे अशी पक्की.

चौकात गेलो. सभामंडपाच्या खांबाला एक यंत्र लावलं होतं. विजेवर चालणारं. मोटर फिरते आणि लहान लहान हातोड्या ढोलावर, घंटेवर आपटतात. पुजारी आत आरती करत होते. यंत्र बाहेर वाजत होतं. बाहेर तरी कसं म्हणू? ते सभामंडपात होतं. आमच्या घरातलं कोणी जिथे उभं राहिलं नाही, तिथे ते राहिलं होतं.

पुजाऱ्यांना विचारलं. त्यांनी सहज सांगितलं. मुंबईच्या एका भक्ताने तीनेक वर्षांपूर्वीच देणगी दिलेली. ऑफिसात खोक्यात पडून होतं. भाई म्हणाले लावा, तू चोपड्याला आहेस तोवर.

मी घरी आलो. आयेने पाव आणि खतखतं पुढे ठेवलं. जेवण जाईना. केव्हाच आलेलं. म्हणजे मी दहावीच्या पेपरआधी वाजवत होतो तेव्हा ते खोक्यात होतं. बाबांचा खांदा फाटत होता तेव्हाही असेल. मी बसचं वेळापत्रक घेऊन आकाश मोजत होतो तेव्हा ते ऑफिसात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं.

देवीला आवाज पाहिजे होता तर आवाज होता. यांना आवाज नको होता. यांना माणूस पाहिजे होता, पायरीखाली उभा.

त्या दिवशी मला राग आला नाही. राग पूर्वी यायचा. त्या दिवशी मला समजलं.

*

मी कोर्सला अर्ज केला. कोणाला न सांगता नव्हे, आयेला सांगून केला. ती म्हणाली, "मेळ्ळो तर बापायक काय सांगतलंस?" मिळाला तर. मिळाला. पणजीच्या पुढच्या मोठ्या हॉस्पिटलातला वर्ग. सकाळी लवकर सुरू, संध्याकाळी उशिरा सुटका. सांजेच्या बसचा प्रश्नच नाही.

बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन देवळाच्या ऑफिसात गेले. भाई खुर्चीवर बसले होते. आम्ही दाराशी उभे. बाबा म्हणाले, "भाई, पोराक अॅडमिशन मेळ्ळा. तुमचो शब्द जाय."

शब्द म्हणजे परवानगी. माझ्या शिक्षणाची.

भाई रागावले नाहीत. ते कधी रागावत नाहीत. म्हणाले, "शिक मरे. शिकाक कोण आडायता? साखळेक बी.ए. कर. सांजेक घरा येता येता. सुट्टीत चोपड्याक जा. नोकरी पक्की. तुका आनी काय जाय?"

मी म्हटलं, "भाई, माका हो कोर्स करूचो असा."

"मगे सांजेचा कोण वाजयतलो?"

"यंत्र असा न्हय?"

बाबांनी माझा दंड धरला. भाई हसले.

"यंत्रान देवाचा काम जाता काय रे? परंपरा म्हणून काय असा का नाय?"

मी म्हटलं, "मी चोपड्याक होतंय तेव्हा यंत्रानच जाता होता."

ऑफिसात आणखी दोघे महाजन बसले होते. त्यांनी कागदातून डोकं वर काढलं. भाईंनी चष्मा काढला. आणि जे बोलले ते मी शब्दाला शब्द सांगतो, कारण त्यात सगळं आलं.

"तेव्हा मी तुका धाडलेलो. आता तू आपणहून चललंस."

एवढंच. परंपरा एवढीच होती. मी कुठे जातो याच्याशी देवीला काही देणंघेणं नव्हतं, देवळाला नव्हतं. कोण धाडतो, याच्याशी होतं.

बाबा म्हणाले, "चूक जाली भाई. ल्हान असा तो."

मी म्हटलं, "चूक नाय. सोमवारपासून मी जातंय."

बाहेर आल्यावर बाबा माझ्या पुढे चालत राहिले. घराच्या दाराशी थांबून म्हणाले, "ह्या घराची जागा कोणाची, म्हायत असा मरे तुका?"

माहीत होती. तीच तर बेडी होती. पायात घर घालून मला सोडलं होतं.

*

सोमवारी मी गेलो. मंगळवारी गेलो. देवळात यंत्र वाजत होतं. गाव वाट बघत होतं. कारण श्रावण आला होता, आणि श्रावणात पालखी निघते. यंत्राला पाय नाहीत. पालखीपुढे चालायला माणूस लागतो.

पालखीच्या दिवशी निरोप आला, दुपारीच या. मी घरी होतो, सुट्टी होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी वाजवणार नाही."

बाबांनी वाद घातला नाही. उठले, डाव्या हाताने ढोल खुंटीवरून काढला, गळ्यात अडकवला आणि उतारावरून चालू लागले. आये मागून म्हणाली, "अहो, हात!" त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी घरात बसलो. बसू शकलो नाही. मागोमाग गेलो.

चौक भरला होता. पालखी सभामंडपात सजून तयार. बाबा पायरीखाली, नेहमीच्या जागी उभे. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. डावा हात चालत होता. उजवा वर जात नव्हता. कोपरापासून वर नेत आणि तो अर्ध्यावर अडकून खाली येई. ताल तुटत होता. ज्या माणसाचा ताल ऐकून लोक लांबून ओळखायचे की वाजपी कोण आहे, त्याचा ताल. तोंड घामाने भिजलं होतं. खालचा ओठ दातांखाली होता. काठी हातातून सुटून फरशीवर पडली. बाबा वाकले, काठी उचलली, परत सुरू केलं.

कोणीतरी मागून ओरडलं, "मातसो जोरान रे!" दोघेतिघे हसले.

सगळ्यांना माहीत होतं. बाबांचा खांदा कसा आहे हे त्या चौकातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुजाऱ्यांना, महाजनांना, माझ्या शाळेच्या सरांना. ते पण होते तिथे, उपरणं घेऊन. कोणी म्हटलं नाही, राहू दे. भाई वरच्या पायरीवर उभे होते. त्यांना मी दिसलो. बाबांकडे हात करून म्हणाले, "पोर नाय तर बापूस. आमका कोणय चलता."

मी गर्दीतून पुढे गेलो. बाबांच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि ढोल माझ्याकडे घेतला. बाबांनी डोळे मिटले. सुटल्यासारखे. सगळ्या चौकाला वाटलं, मी आता वाजवणार. भाईंनाही वाटलं. म्हणाले, "आयलो बघ. रगत खय जातला?"

मी ढोल उचलून वरच्या पायरीवर ठेवला. भाईंच्या पायांजवळ. काठ्या त्याच्यावर ठेवल्या.

"मी वाजवणार नाही. बाबा पण वाजवणार नाहीत. ज्याला पाहिजे त्याने घ्या."

मला वाटलं कोणीतरी मारेल. कोणी मारलं नाही. नुसतं बघत राहिले, जणू खांब बोलला.

मी बाबांचा हात धरला. ते येत नव्हते. ओढावं लागलं. माझा बाप त्या चौकातून माझ्यासोबत निघाला नाही, मी त्यांना ओढून नेलं. हे मी लपवणार नाही.

आम्ही उतारावर असताना मागे झांजा सुरू झाल्या. कोणीतरी शंख फुंकला. पालखी निघाली. ढोलाशिवाय निघाली. देवी थांबली नाही.

*

दुसऱ्या दिवशी आमचा नळ कोरडा झाला. पाण्याची लाइन देवळाच्या टाकीवरून येते. आये भाईंच्या बागायतीत कामाला जायची, तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मग निरोप आला, जागा खाली करा. प्रथमेशचा मेसेज आला, 'भाईची माफी माग आणि विषय संपव. तुझंच नुकसान आहे.' मी उत्तर दिलं नाही. त्या हॉलमधल्या हसण्याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.

आये म्हणाली, "घर गेला तर खय जावचा?"

मी म्हटलं, "खयच जावचा नाय."

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. सांजेला देवळात यंत्र सुरू झालं की ते उठून मागच्या दारी जातात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. मला वाटलं होतं, ओझं उतरवल्यावर माणूस मोकळा होतो. बाबा झाले नाहीत. त्यांचं मी काय काढून घेतलं ते मला माहीत आहे. त्या चौकात त्यांना एकच जागा होती. पायरीखालची का असेना, पण होती. मी ती मोडली. त्यांना दुसरी अजून देऊ शकलो नाही. त्यासाठी ते मला माफ करतील की नाही, ठाऊक नाही. मी माफी मागणार नाही.

सकाळी अंधारातच निघतो. आधी सार्वजनिक विहिरीवरून पाणी आणून ठेवतो, मग डिचोलीची बस, तिथून पणजी, तिथून पुढे. वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितलं होतं. माझी पाळी आली. मी उभा राहून आधी माझं नाव सांगितलं. मग गावाचं. मग मी बसलो. कोणी हसलं नाही. पुढच्या मुलाची पाळी आली.

घराच्या हक्कासाठी आम्ही मामलेदाराकडे अर्ज केला आहे. तारीख लागली आहे. देवस्थानाचा वकील असणार, भाई असणार, आणखी चार महाजन असणार. आमच्याकडून मी जाणार. बाबा आले तर येतील, नाही आले तर मी एकटा जाणार. विनंती करायला जात नाही. तिथे जाऊन मी सांगणार आहे की चिरे माझ्या आजोबांनी वाहिले, भिंती त्यांनी बांधल्या, तीन पिढ्या आम्ही या घरात जन्मलो आणि मेलो, आणि आम्ही वाजवलं म्हणून हे घर आमचं नाही. आम्ही राहिलो म्हणून आमचं आहे.

निकाल काय लागेल, सांगता येत नाही. बहुतेक त्यांच्या बाजूने लागेल. त्यांच्याकडे कागद आहेत. लागला तर मी वरच्या कोर्टात जाईन. तिथे हरलो तर त्याच्या वरच्या. मध्ये परीक्षा आल्या तर परीक्षा देऊन जाईन.

गावात मला विचारतात, किती दिवस असं करशील? भांडून राहण्यापेक्षा निघून जा, शिकलास की पणजीत खोली घे. त्यांना वाटतं दोनच वाटा आहेत. राहायचं तर वाजवायचं. वाजवायचं नसेल तर जायचं.

मी इथेच राहणार. आणि वाजवणार नाही.